स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने : वृद्धांसाठीच्या साहाय्यक तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी

वृद्धापकाळात माणसाला स्वतःच्या घरी, शक्य तितके स्वतःच्या हिमतीवर राहता यावे, यासाठीच्या तंत्रज्ञानाची चर्चा आज बहुधा मनगटावरची घड्याळे, भिंतीवरचे सेन्सर आणि आवाजावर चालणारी उपकरणे यांच्यापासून सुरू होते. त्यामुळे हा विषय गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलाच आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात त्याची मुळे बरीच खोल आहेत, आणि त्या इतिहासातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो : एखादे साधन वृद्ध व्यक्तीच्या इच्छेने चालते, की तिच्यासाठी काळजी करणाऱ्यांच्या इच्छेने? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे, आणि माझ्या मते साधने वापरली जातात की कपाटात पडून राहतात, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरत आले आहे.

वाढत्या वयातील उणीव भरून काढणारे पहिले मोठे साधन म्हणजे चष्मा. तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत वाचनाचे चष्मे तयार होऊ लागले आणि चाळिशीनंतर बारीक काम सोडून द्यावे लागणाऱ्या कारागिरांना व लेखनिकांना आणखी काही दशके काम करता येऊ लागले. पुढे १६५५ मध्ये न्यूरेंबर्गच्या श्टेफान फार्फलर या घड्याळजीने हाताने दांडा फिरवून चालवण्याची तीनचाकी खुर्ची स्वतःसाठी बनवली. त्याचे पाय अधू होते, हात मात्र कुशल होते. त्याआधीही श्रीमंत रुग्णांसाठी चाकांच्या खुर्च्या होत्या, परंतु त्या ढकलायला दुसरे माणूस लागे. फार्फलरच्या खुर्चीत बसणारा स्वतःच चालकही होता.

विसाव्या शतकातील पुष्कळ महत्त्वाची साधने अशीच, ज्यांना गरज होती त्यांनीच घडवली. खाणीतील अपघातात जायबंदी झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची, घडी घालून मोटारीत ठेवता येणारी व्हीलचेअर तयार केली. मोटार अपघातानंतर हातापायांची हालचाल गमावलेल्या टेड हॉयर यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत रुग्णाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारे यंत्र विकसित केले. त्या यंत्राने रुग्णाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दिलासा रोज उचलठेव करणाऱ्या माणसाच्या पाठीला दिला. पोलिओचे परिणाम आयुष्यभर सोसलेल्या स्वीडनच्या आयना विफाल्क यांनी १९७८ मध्ये चाके, ब्रेक आणि आधाराचे दांडे असलेला रोलेटर मांडला. जुन्या चौपायी वॉकरला प्रत्येक पावलाला उचलावे लागे. रोलेटर ढकलत नेता येतो, थकवा आल्यास अनेक प्रकारांत त्यावर बसता येते आणि समोरच्या टोपलीत सामानही राहते. कोणताही विजेचा भाग नसलेले हे साधन आजही जगभर वृद्धांच्या हातात दिसते, ही गोष्ट तंत्रज्ञानाचा विचार करताना विसरू नये.

स्वावलंबन म्हणजे नेमके काय, हे मोजण्याचा प्रयत्न मात्र उशिरा झाला. क्लीव्हलंडमधील बेंजामिन रोझ रुग्णालयात सिडनी काट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांची प्रगती पाहत होते. आजार कोणता आहे यापेक्षा माणूस काय करू शकतो याची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते, असे त्यांना दिसून आले, आणि १९६३ मध्ये त्यांनी सहा कृतींवर आधारित निर्देशांक प्रसिद्ध केला : आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंग वा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे. बरे होताना या क्षमता एका ठराविक क्रमाने परत येतात आणि तो क्रम लहान मुलाच्या वाढीतील क्रमाशी मिळताजुळता असतो, हे त्यांचे निरीक्षण होते. १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी त्यात दुसरी पायरी जोडली : टेलिफोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार. या दोन सूचींनी पुढील अर्धशतकाच्या धोरणांना आणि उपकरणांना दिशा दिली. न्हाणीघरातील पकडदांडे, उंच केलेले शौचकूप, वेळेवर उघडणारी औषधांची डबी, विसरल्यास आपोआप गॅस बंद करणारी झडप यांतील प्रत्येक साधन या सूचींतील एखाद्या ओळीपाशी नेऊन ठेवता येते. त्याचबरोबर या सूचींची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. भेटीगाठी, फिरणे, वाचन, प्रार्थना, एखादा छंद अशा, आयुष्याला अर्थ देणाऱ्या गोष्टींना त्यांत जागा नव्हती, आणि जे मोजले जात नव्हते त्यासाठी साधनेही कमीच बनली.

लॉटन यांनीच ल्युसिल नाहेमो यांच्यासह १९७३ मध्ये आणखी एक विचार मांडला : माणसाची क्षमता आणि परिसराकडून तिच्यावर पडणारा ताण यांचा मेळ बसला तर जगणे सुकर होते, आणि क्षमता जितकी कमी तितका परिसराचा प्रभाव अधिक. म्हणजे गुडघा तोच राहिला तरी जिन्याला कठडा लावल्याने माणसाचे अवलंबित्व कमी होऊ शकते. घराच्या रचनेत बदल करण्याला यातून सैद्धांतिक आधार मिळाला. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले. स्वतंत्र असणे म्हणजे सगळे एकट्याने करणे नव्हे, मदत कोणाची, केव्हा आणि कशी घ्यायची हे स्वतः ठरवणे होय, ही त्या चळवळीची भूमिका होती. ती तरुण अपंग व्यक्तींनी उभी केली असली तरी वृद्धांच्या बाबतीत ती तितकीच लागू पडते. रचनाकार पॅट्रिशिया मूर यांनी १९७९ ते १९८२ या काळात वृद्ध स्त्रीचा वेश धारण करून, सांधे आखडावेत आणि नजर धूसर व्हावी अशी व्यवस्था स्वतःवर करून, उत्तर अमेरिकेतील अनेक शहरांत वावरून पाहिले. रोजच्या वस्तू वृद्धांना कशा अडवतात याचा तो प्रत्यक्ष अनुभव होता. वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी १९८० च्या दशकात सार्वत्रिक रचनेची, म्हणजे वस्तू आणि वास्तू शक्यतो सर्वांना वापरता येतील अशा घडवण्याची, संकल्पना मांडली आणि १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात तिची सात तत्त्वे निश्चित झाली.

या सगळ्यापेक्षा वेगळा प्रवाह म्हणजे आणीबाणीच्या हाकेचा. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर वृद्धांसाठी बांधलेल्या संरक्षित घरकुलांत एक देखरेखदार राहत असे आणि खोलीतील दोरी ओढून त्याला बोलावता येई. जर्मनीत विल्हेल्म हॉर्मन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी घरगुती हाक-यंत्रणा विकसित केली, तर बॉस्टनमधील मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी १९७४ मध्ये याच कामासाठी कंपनी काढली. रचना साधी होती. गळ्यात वा मनगटावर बटण, ते दाबल्यावर घरातील संचाला रेडिओ संदेश, संचाकडून टेलिफोनच्या तारेवरून केंद्राला हाक, आणि केंद्रातील व्यक्तीकडून शेजारी, नातेवाईक किंवा रुग्णवाहिकेला निरोप. पूर्वी ही सोय एका इमारतीपुरती होती, आता टेलिफोन असलेल्या कोणत्याही घरात ती पोहोचू लागली.

तिची निकड १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ठसठशीतपणे दाखवून दिली. घरात पडलेल्या वृद्धांपैकी जे तासाभरापेक्षा अधिक काळ जमिनीवर पडून राहिले, त्यांतील निम्मे सहा महिन्यांच्या आत मरण पावले होते, अगदी पडण्याने मोठी इजा झाली नसतानाही. पडण्याइतकेच, उठता न येणे आणि कोणाला न कळणे हे धोक्याचे होते. पण बटण दिल्याने प्रश्न सुटला नाही. त्याच नियतकालिकात २००८ मध्ये आलेल्या, केंब्रिजमधील नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींच्या अभ्यासात असे आढळले की हाक-यंत्रणा उपलब्ध असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि उठू न शकलेल्या बहुसंख्यांनी, सुमारे ऐंशी टक्के व्यक्तींनी, ती वापरलीच नाही. काहींनी पेंडंट घातलेले नव्हते, काहींना कोणाला त्रास द्यायचा नव्हता, काहींना आपणच उठू असे वाटत होते, आणि रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात नेतील ही भीतीही होती. अभियंत्यांनी या निष्कर्षाकडे दीर्घकाळ तांत्रिक अडचण म्हणून पाहिले. मला तो स्वाभिमानाचा प्रश्न वाटतो. गळ्यातले बटण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते की ही व्यक्ती आता एकटी राहण्यास समर्थ नाही, आणि ते सांगणे प्रत्येकाला मान्य असतेच असे नाही.

बटण दाबले जात नाही, तर दाबण्याची गरजच काढून टाकावी, हा पुढचा विचार होता. १९९६ मध्ये केविन डॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाटचालीची तीन पिढ्यांत मांडणी केली. पहिल्या पिढीत वृद्ध स्वतः हाक देतो, दुसऱ्या पिढीत धूर, पाणी, गॅस वा हालचाल ओळखणारे सेन्सर त्याच्या वतीने हाक देतात, आणि तिसऱ्या पिढीत त्याच्या रोजच्या वागण्याचा नमुना सतत टिपून त्यातील बदल हेरला जातो. चोरांपासून संरक्षणासाठी बनलेले इन्फ्रारेड सेन्सर या कामी आले. रात्री न्हाणीघराकडे जाण्याच्या खेपा वाढल्या किंवा सकाळी स्वयंपाकघरात हालचाल झाली नाही, तर त्यातून काही सुचते का, हे तपासले जाऊ लागले. जपानमध्ये २००१ साली झोजिरुशी कंपनीने याच विचाराला वेगळे वळण दिले. तिची पाणी उकळण्याची विजेची किटली वापरली की त्याची नोंद दूर राहणाऱ्या कुटुंबीयांना ई-मेलने मिळू लागली. त्यात कॅमेरा नव्हता, गळ्यात काही घालायचे नव्हते, रोजचा चहा हीच खुशालीची खूण होती. मला हा या इतिहासातील सर्वांत सौजन्यपूर्ण शोधांपैकी एक वाटतो, कारण देखरेखीसाठी वृद्धाला आपल्या दिनक्रमात काहीच बदलावे लागत नव्हते.

देखभाल करणाऱ्यांचा विचार या कथेत फार उशिरा आला. आईवडिलांच्या सेवेसाठी आपले काम सोडावे लागलेल्या मेरी वेबस्टर यांनी १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशा अविवाहित स्त्रियांच्या हालअपेष्टा सार्वजनिकरीत्या मांडल्या आणि १९६५ मध्ये त्यांच्यासाठी संघटना उभी राहिली. तरीही देखभाल करणाऱ्यांच्या गरजांची स्वतंत्र पाहणी करण्याची कायदेशीर तरतूद तेथे १९९५ मध्ये झाली. त्याच वर्षी जर्मनीत आणि २००० मध्ये जपानमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा अनिवार्य विमा सुरू झाला. साधने आणि घरातील बदल यांचा खर्च त्यात अंशतः समाविष्ट झाल्याने साहाय्यक साधनांना प्रथमच स्थिर बाजारपेठ मिळाली. पुढे जपानने यंत्रमानवांकडे मोठ्या आशेने पाहिले. २०१५ मध्ये रिकेन या संशोधन संस्थेने माणसाला उचलणारा, अस्वलाच्या चेहऱ्याचा रोबेअर सादर केला, पण तो प्रायोगिक अवस्थेपलीकडे गेला नाही. यंत्र आणणे, जोडणे, चार्ज करणे, पुसून ठेवणे ही कामे देखभाल करणाऱ्यावरच पडतात. ज्या साधनाने त्याचे एक काम कमी होऊन दोन वाढतात, ते फार काळ वापरात राहत नाही.

धोरणकर्त्यांच्या अपेक्षाही वास्तवाच्या पुढे धावल्या. ब्रिटिश सरकारने २००६ पासूनच्या दोन वर्षांसाठी टेलिकेअरच्या, म्हणजे हाक-यंत्रणा व सेन्सर यांच्या मदतीने दुरून देखभाल करण्याच्या सेवेच्या, प्रसाराकरिता ८ कोटी पौंड दिले, आणि २००८ पासून कॉर्नवॉल, केंट व न्यूहॅम येथे हजारो लोकांचा समावेश असलेली मोठी चाचणी घेतली. टेलिकेअरविषयीचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की बारा महिन्यांच्या काळात आरोग्य व सामाजिक सेवांच्या वापरात लक्षणीय घट झाली नाही. यावरून उपकरणे निरुपयोगी ठरत नाहीत. मात्र उपकरण बसवल्याने माणसांची सेवा कमी करता येईल, ही अटकळ त्या चाचणीत सिद्ध झाली नाही, हे स्पष्टपणे नोंदवायला हवे.

दरम्यान जागतिक पातळीवर लक्ष पुन्हा साध्या साधनांकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० अग्रक्रमाच्या साहाय्यक साधनांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात श्रवणयंत्रे, चष्मे, व्हीलचेअर, रोलेटर, पकडदांडे, औषधांच्या डब्या यांच्याबरोबर पडल्याची सूचना देणारी यंत्रेही आहेत. संघटनेने युनिसेफसह २०२२ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे, २०५० पर्यंत ही संख्या ३५० कोटींवर जाईल, आणि काही देशांत गरजूंपैकी केवळ ३ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचतात. सेन्सरच्या तिसऱ्या पिढीवर चर्चा झडत असताना जगातील असंख्य वृद्ध पहिल्या चष्म्याच्या प्रतीक्षेत आहेत, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

२०१४ नंतर आवाजावर चालणारे स्पीकर आणि २०१८ मध्ये पडल्याचे ओळखणारे ॲपलचे घड्याळ आल्याने ही यंत्रणा वैद्यकीय उपकरणाऐवजी सर्वसाधारण ग्राहकवस्तूच्या रूपात घरात येऊ लागली. त्यामुळे कलंकाची भावना कमी झाली. मात्र घरातील बोलण्याची आणि हालचालींची माहिती कोणाच्या ताब्यात राहते, विसराळूपणाच्या आजारात संमती कोणाची धरायची, हे प्रश्न अधिक तीव्र झाले. त्याच वेळी हाक-यंत्रणांचा पाया असलेली टेलिफोनची जुनी तार अनेक देशांत काढली जात आहे. इंटरनेटवर चालणारा फोन वीज गेल्यावर बंद पडू शकतो, आणि जुन्या हाक-यंत्रणा नव्या जोडणीवर नेहमी नीट चालतात असे नाही. ब्रिटनमध्ये काही ग्राहकांची हाक-यंत्रणा या बदलानंतर बंद पडल्याचे उघड झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार कंपन्यांनी ग्राहकांना सक्तीने नव्या जोडणीवर नेणे थांबवले, आणि जुनी सेवा पूर्णपणे बंद करण्याची मुदत २०२५ च्या अखेरीवरून जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेण्यात आली. कोणत्या घरात असे बटण आहे याची एकत्रित यादी कंपन्यांकडे नव्हती, म्हणून स्थानिक प्रशासने आणि टेलिकेअर पुरवठादार यांच्याकडून ती माहिती गोळा करून, बदलण्यापूर्वी प्रत्येक संच तपासण्याचे काम हाती घेण्यात आले.