नारकोंडमचा धनेश आणि लाल यादीतला घोळ

नारकोंडमच्या धनेशाची बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी लाल यादीतला (म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) त्याचा दर्जा वेगळाच छापलेला असतो. कुठे ‘संकटग्रस्त’, कुठे ‘अतिसंकटग्रस्त’, कुठे ‘असुरक्षित’, आणि खाली संख्या कधी तीनशे तर कधी हजार. ही भानगड नीट समजायची तर थोडं मागे जावं लागतं, पण फार मागे नको.

धनेश म्हणजे काय हे कोकणात फिरणाऱ्यांना सांगायला नको. हा त्यातलाच, पण आकाराने लहान, नराचं डोकं-मान तांबूस, मादी सगळी काळी, शेपूट दोघांची पांढरी. जगात एकाच बेटावर सापडतो, उत्तर अंदमानच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरच्या नारकोंडम या निद्रिस्त ज्वालामुखीवर. क्षेत्रफळ जेमतेम 6.8 चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात अशी पंधरा बेटं मावतील. (नाव ‘नरककुंड’वरून आलं असं म्हणतात, पण धूर ओकणारा ज्वालामुखी खरं तर पलीकडच्या बॅरन बेटावर आहे, तेव्हा नावाची अदलाबदल झाली असावी असाही एक तर्क आहे.)

1873 मधे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मधे काही जण त्याला पूर्वेकडच्या दुसऱ्या धनेशाची उपजातच मानायचे. हे वाटतं तेवढं किरकोळ नाही, कारण लाल यादीत दर्जा जातीला मिळतो, उपजात ठरला असता तर तो मोठ्या जातीच्या आकड्यात बुडून गेला असता.

खरी गडबड बेटावर माणूस राहायला लागल्यावर सुरू झाली. कायमची वस्ती तिथे नव्हतीच, पण 1969 मधे पोलीस चौकी आली. बेटावर बर्माचाही दावा होता, तो प्रश्न 1986 च्या सागरी सीमा करारात मिटला. चौकी म्हटल्यावर सरपण आलं, थोडी केळी-नारळाची लागवड आली, शिकारीच्या तक्रारी आल्या, आणि सत्तरच्या दशकात मटणासाठी बकऱ्या सोडल्या गेल्या. 1977 मधे बेट अभयारण्य जाहीर झालं पण बकऱ्यांना ते कोण सांगणार, त्यांची संख्या काहीशेवर गेली. मोठी झाडं उभी होती, त्यावर धनेश उंबरासारखी फळं खात होते, वरवर सगळं आलबेल, पण खाली रोपटं वीतभर वाढलं की बकरीच्या तोंडात. आजची झाडं पडल्यावर घरट्यासाठी पुढची ढोली कुठून येणार हा प्रश्न होता. पुढे अभ्यासकांनी लावून धरल्यावर बकऱ्या हलवल्या गेल्या, पण त्यात बरीच वर्षं गेली.

मग रडार. तटरक्षक दलाला बेटावर टेहळणी रडार, त्याला वीज द्यायला डिझेल जनरेटर आणि वर जायला रस्ता हवा होता. उत्तरेला म्यानमारची कोको बेटं आहेत, त्यामुळे मागणी अगदीच हवेतली नव्हती. वन्यजीव मंडळाच्या एका पक्षीतज्ज्ञ सदस्याने बेटावर जाऊन पाहणी केली आणि मत विरोधात दिलं. 2012 मधे पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. 2014 मधे सरकार बदललं आणि महिनाभरातच तोच प्रस्ताव मंजूर. दोन वर्षांत पक्षी तोच, बेट तेच, मग बदललं काय? देशाची सुरक्षा महत्त्वाची नाही असं कोणीच म्हणत नव्हतं, रस्ता, इंधन आणि माणसांची वर्दळ याला दुसरा मार्ग आहे का एवढंच विचारलं जात होतं, आणि माझ्या मते त्याचं धड उत्तर मिळालंच नाही.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. या सगळ्या वादात लाल यादीचा दाखला दिला गेला, पण लाल यादीला कायद्याचं बळ शून्य. परवानगी मागावी लागली ती बेट अभयारण्य आहे म्हणून. पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे ती आणखी वेगळी गोष्ट. तीन वेगळे कागद आहेत आणि आपण सर्रास तिन्हीला ‘संरक्षित’ म्हणून मोकळे होतो.

आता दर्जा. वादाच्या काळात हा पक्षी एन्डेंजर्ड होता, आता व्हल्नरेबल आहे, म्हणजे धोक्याच्या एक पायरी खाली. मराठीत बरेचदा दोन्हीला ‘संकटग्रस्त’ लिहितात म्हणून फरक कळतच नाही, त्यामुळे मी सरळ इंग्रजी शब्दच वापरतो. एन्डेंजर्डचा एक निकष असा की विणीच्या वयाचे पक्षी 250 हून कमी हवेत. जुने अंदाज तीनशे-चारशेच्या घरातले, त्यातून लहान पक्षी वजा केले की आपण त्या रेषेच्या आसपासच घुटमळतो. व्हल्नरेबलला हजाराची मर्यादा आहे, आणि त्याचा दुसराच एक निकष संख्या बघतच नाही. जात एवढ्याशा जागेत आहे का, की एकाच तडाख्यात संपू शकेल, एवढंच तो विचारतो.

म्हणून 2019-20 च्या हिवाळ्यात नवी मोजणी झाली आणि अंदाज हजाराच्या थोडा वर आला, तेव्हा ‘पक्षी तिप्पट झाले’ हे मथळे वाचून वैताग आला. आधीच्या मोजण्या वेगळ्या पद्धतीच्या, कमी दिवसांच्या, तिथल्या उभ्या चढांवर जमेल तेवढ्या. यावेळी ठरलेल्या वाटांवर पुन्हा पुन्हा चालून, दिसलेला पक्षी किती अंतरावर होता ते नोंदवून हिशोब केला. बकऱ्या गेल्याने थोडी वाढ झालीही असेल, पण बराचसा फरक मोजणाऱ्यांचा असणार. एका चौरस किलोमीटरमधे शंभरावर धनेश, ही दाटी जगात इतर कुठल्याही धनेशाची नोंदलेली नाही. फळझाडं भरपूर आणि खायला स्पर्धक कमी, म्हणून हे जमतं.

आणि तरीही जागेचा निकष तिथेच राहतो. फेब्रुवारीच्या सुमारास मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. एप्रिल-मेमधे बंगालच्या उपसागरात वादळं उठायला लागतात तेव्हा पिल्लं अजून आतच असतात.