प्रत्यक्षदर्शीची वाहनविषयक स्मृती

अपघात करून पळालेले किंवा चोरीत वापरलेले वाहन साक्षीदाराला नेमके आठवावे, यासाठीच्या पद्धती. सोलापुरात या विषयाला वेगळे वजन आहे. पुणे–हैदराबाद महामार्ग शहरावरून जातो आणि विजयपूरची केए २८, कलबुर्गीची केए ३२, धाराशिवची एमएच २५ अशी वाहने रोजच दिसतात. तरीही साक्षीदार न पाहताच सोलापूरचा ‘एमएच १३’ सांगून मोकळा होतो. ही आठवण नव्हे, सवय. म्हणून सुरुवातीची अक्षरे खरोखर वाचली का, हे वेगळे विचारावे.

पूर्ण क्रमांक काही सेकंदांत निसटतो. शेवटचे चार आकडे दोन-दोनच्या जोडीने मोठ्याने घोकावेत आणि मिळेल त्यावर, अगदी चहाच्या बिलामागेही, लगेच लिहावेत. चार आकड्यांआधीच्या अक्षरमालिकेत ‘आय’ व ‘ओ’ ही अक्षरे वापरत नाहीत. कोणी ‘ओ’ सांगितले तर ते ‘डी’ किंवा ‘क्यू’ असू शकते. पाटीचा रंगही उपयोगी: पिवळ्यावर काळी अक्षरे म्हणजे व्यावसायिक वाहन, हिरवी पाटी म्हणजे विजेवरचे. सोडियम दिव्याखाली मात्र गाडीच्या रंगावर भरवसा नको. फिकी की गडद, एवढेच धरावे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीची मागची पाटी वाढ्यांआड जाते. तेव्हा ट्रॅक्टरच्या बॉनेटचा रंग, फाळक्यावर रंगवलेले नाव, ट्रॉल्या एक की दोन, हेच हाती लागते.

जबाब घेण्याची पद्धतही तितकीच निर्णायक. मानसशास्त्रज्ञ गायझलमन व फिशर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या ‘बोधात्मक मुलाखती’त साक्षीदाराला आधी प्रसंगात नेतात: सात रस्ता चौकात कुठे उभे होता, ऊन कुठून येत होते, हातात काय होते? मग क्षुल्लक वाटणारेही सांगू देतात, घटना शेवटाकडून उलटी सांगायला लावतात. ‘पांढरी कार होती ना?’ असा प्रश्न आठवणच बदलू शकतो. मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस व पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात तीच टक्कर दाखवून प्रश्नातले क्रियापद तीव्र केले, तेव्हा प्रेक्षकांनी वेग जास्त सांगितला. तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्याचा जबाब मराठीत उतरवताना ‘घासली’चे ‘ठोकली’ होणे म्हणूनच किरकोळ नाही. साक्षीदारांना एकत्र बसवून विचारणे तर टाळावेच. एकाचा तपशील दुसऱ्याच्या आठवणीत मिसळतो.

घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेले टिपण न्यायालयात स्मृती ताजी करण्यासाठी पाहता येते. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५९ मध्ये होती, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. असे टिपण विरुद्ध पक्षाला पाहण्याचा हक्क असतो. त्यामुळे नंतर सुवाच्य प्रत काढली, तरी मूळ चिठ्ठी फेकू नये.