'इव्होल्यूशन' हा शब्द डार्विनने काढलेला नाही

डार्विनने इव्होल्यूशन हा शब्द काढला असं शाळेपासून ऐकत आलोय, पण ते चूक आहे. १८५९ ला त्याचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक आलं, त्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द एकदाही नाहीये, फक्त पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द 'इव्हॉल्व्ड' आहे, बास. तो म्हणायचा 'डिसेंट विथ मॉडिफिकेशन', म्हणजे पिढ्या पुढे सरकताना थोडाथोडा बदल साचत जाणं. इव्होल्यूशन मूळचा लॅटिन, अर्थ गुंडाळी उलगडणं, आणि १८व्या शतकात अशी समजूत होती की गर्भात जीव आधीच चिमुकला तयार असतो नि तो फक्त उलगडतो, तिला हा शब्द वापरायचे. डार्विनच्या बदलात तर आधीपासून ठरलेलं काहीच नाही! शब्द रूढ व्हायला हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचा हात मोठा, 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' (म्हणजे परिस्थितीशी नीट जुळतो तो टिकतो) पण त्याचंच, १८६४ चं, डार्विनने ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतलं आणि इव्होल्यूशन त्या पुस्तकात आलं थेट १८७२ ला, सहाव्या आवृत्तीत.

मला जास्त खटकतो तो इव्होल्यूशनसाठीचा आपला 'उत्क्रांती' शब्द, त्यातला 'उत्' म्हणजे वर, म्हणून पोरांना वाटतं प्रत्येक बदल वरच्या पायरीवरच नेतो. अंधाऱ्या गुहेत राहून माशांचे डोळे गेले ना, तीही उत्क्रांतीच.