सूर्य 'ओम' म्हणत नाही, पण त्याच्या कमानी डोलतात

परवा फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ परत आलाच, नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो चक्क 'ओम' निघाला वगैरे, खाली हात जोडलेल्यांची रांग. नासा असं काही म्हणालेली नाही. मधे जवळपास निर्वात पोकळी असताना आवाज येणार कुठून? खरं इतकंच आहे की सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालात वरखाली होत असतो, सोहो यानाने ती हालचाल टिपली आणि स्टॅनफर्डमधे तो डेटा ४२ हजार पट फास्ट करून कानाला ऐकू येईल असा केला. बाकी मसाला फॉरवर्डवाल्यांचा.

आणि वैताग याचा येतो की याहून कितीतरी भारी प्रकार त्याच्या जरा वर, करोनामधे चालतो आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

करोना म्हणजे खग्रास ग्रहणात दिसतं ते पांढरट प्रभामंडळ. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस आणि हा वरचा विरळ थर दहा-वीस लाख अंश! इतक्या तापमानात अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणजे सगळा प्लाझ्मा, आणि तो तिथे चुंबकीय रेषांच्या आडवा फारसा जाऊ शकत नाही, रेषेच्या बाजूने मात्र बिनधास्त वाहतो. त्यामुळे अतिनील फोटोंमधे लाखभर किलोमीटर लांबीच्या चकाकत्या कमानी दिसतात, दोन्ही पाय पृष्ठभागात रोवलेले.

१४ जुलै १९९८ ला जवळच एक सौरज्वाला (सूर्यावरचा अचानक ऊर्जेचा स्फोट) भडकली आणि अशा काही कमानी सरळ डावीकडे-उजवीकडे हलायला लागल्या. ट्रेस नावाची दुर्बीण त्याच वर्षी एप्रिलमधे वर गेली होती, तिने हे टिपलं. एका कमानीची लांबी सुमारे १ लाख ३० हजार किलोमीटर आणि एका हेलकाव्याला २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटं.

आता गंमत बघा. सतारीच्या तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि जाडी यावर ठरतो ना, इथेही तेच, फक्त ताण चुंबकीय क्षेत्राचा आणि वजन प्लाझ्माचं. दोन्ही टोकं पक्की असल्यामुळे पूर्ण तरंगलांबी कमानीच्या दुप्पट, म्हणजे २ लाख ६० हजार, भागिले २५६, की लाटेचा वेग आला सेकंदाला हजारेक किलोमीटर. हा वेग आल्फव्हेन वेगाशी, म्हणजे प्लाझ्मात चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लाटांच्या वेगाशी जोडलेला असतो (हानेस आल्फव्हेनने या लाटा १९४२ मधे कागदावर मांडल्या, १९७० चं नोबेल), कमान आजूबाजूपेक्षा दाट असते म्हणून त्याच्या साधारण १.२ ते १.४ पट. मग आल्फव्हेन वेग गुणिले घनतेचं वर्गमूळ, एक स्थिरांक लावला की चुंबकीय क्षेत्र हातात! घनतेचा अंदाज कमान किती चकाकते त्यावरून.

वालेरी नाकारियाकोव आणि लिऑन ऑफमन यांचं उत्तर आलं १३ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), त्यात ९ इकडे-तिकडे. एरर मोठा आहे, मान्य, पण करोनातलं क्षेत्र थेट मोजायला जा म्हणजे कळेल, प्रकाश अंधूक आणि उष्णतेने वर्णरेषा (वर्णपटातल्या ठराविक रंगांच्या बारीक रेषा) इतक्या पसरतात की चुंबकीय क्षेत्राने पडलेली फट त्यातच बुडून जाते. फोटोवर घड्याळ लावून १५ कोटी किलोमीटरवरचं चुंबकीय क्षेत्र काढायचं, याला म्हणतात करोनाचं भूकंपशास्त्र, भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीचं पोट ओळखतात तसं.

यात प्रवाहांची भानगड वेगळीच. कमानीतून प्लाझ्मा एकाच दिशेने वाहत असेल तर प्रवाहाबरोबर जाणारी आणि उलटी जाणारी लाट सारख्या वेगाने जात नाही, दोन पायांमधे फेज (हेलकाव्याची वेळ) सरकते, आणि प्रवाह जोरात असेल तर वरचं गणित थोडं बिघडतं. शिवाय कमानीच्या बाजूने सरकणारे उजेडाचे पट्टे दिसतात, सेकंदाला शंभरेक किलोमीटर, ते खरोखर वाहणारा प्लाझ्मा की ध्वनीसारखी मंद लाट यावर लोक कितीतरी वर्षं भांडले, कारण फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. वर्णपटात रेषा निळ्याकडे सरकली, म्हणजे प्लाझ्मा आपल्याकडे येतोय, म्हणून प्रवाह असं म्हणावं, तर लाटेतही प्लाझ्मा पुढेमागे होतोच की.

ज्वालेने हललेली कमान तीन-चार हेलकाव्यांत थंडावते. पण २०१२ च्या सुमारास सूर्याचे सतत फोटो काढणाऱ्या नासाच्या एसडीओ यानाच्या फोटोंत असेही हेलकावे सापडले जे कमीच होत नाहीत. साधारण दीड-दोनशे किलोमीटरचे, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलपेक्षाही लहान, आणि जवळपास ज्वाला नसतानाही चालूच. काहीतरी त्यांना सतत ऊर्जा पुरवतंय. पायाशी खळखळणारा पृष्ठभाग, नाहीतर बाजूने वाहणारे प्रवाह, असे दोन मुख्य संशयित आहेत आणि अजून एकमत नाही.