फुलांवरचा उजेड: तैलरंगांकडून ॲक्रिलिककडे

ॲक्रिलिकमध्ये गुलाब शिकवताना आधी गडद पार्श्वभूमी, मग पाकळ्यांच्या पोटातल्या सावल्या आणि कडांवरचा उजेड सगळ्यात शेवटी, असा क्रम बहुतेक शिक्षक सांगतात. हा क्रम ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी जुना आहे. तो घडला सतराव्या शतकातल्या नेदरलँड्समध्ये, तैलरंगांत.

अँब्रोसियस बोसखार्टच्या चित्रांत जवळजवळ प्रत्येक फूल सुटं आणि सारख्याच उजेडात दिसतं. राखेल राउसपर्यंत (१६६४–१७५०) येताना उजेड एका बाजूनं येतो; मधली मोजकी फुलं झळाळतात, कडेची अंधारात विरतात. माझ्या मते फुलाला खरेपणा आला तो इथे. यान फान हाउसमला तर फूल समोर असल्याशिवाय चालत नसे. पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलं, असं त्यानं १७४२ मध्ये पत्रानं कळवलं होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत.

वेळ रंगालाही लागे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतं. खालचा थर वाळल्यावर त्यावर पारदर्शक रंगाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे ग्लेझिंग करायचं, तर दिवसच्या दिवस थांबावं लागे. पानांचा हिरवा रंग पुष्कळदा निळ्यावर असा पिवळा हात देऊन साधलेला असे. तो पिवळा पुढे उडाला, म्हणून कित्येक जुन्या चित्रांतली पानं आज निळसर दिसतात.

आपल्याकडे उस्ताद मन्सूरनं जहांगीरच्या काळात रंगवलेली काश्मिरी ट्यूलिप्स अतिशय सूक्ष्म आहेत, पण त्यांची सावली कुठे पडत नाही. एका बाजूच्या उजेडात वस्तू पाहायची युरोपीय शिस्त महाराष्ट्रात रुजवली ती मुख्यतः १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलनं.

ॲक्रिलिकची मुळं जर्मनीत आहेत. रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोमनं १९०१ च्या प्रबंधात ॲक्रिलिक पदार्थांचा अभ्यास केला. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती आले ते १९५० च्या दशकात. अमेरिकेत लिक्विटेक्स या नावाचे रंग १९५५ मध्ये. यातलं पाणी उडतं, प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि वाळलेला थर पुन्हा पाण्यानं सुटत नाही.

‘फार लवकर वाळतं’ ही ॲक्रिलिकबद्दलची नेहमीची तक्रार. ओल्यात ओला रंग मिसळू पाहणाऱ्याला ती खरी वाटणारच. फुलांसाठी मात्र मी याला वरदानच म्हणेन: ज्या थरासाठी राउसला दिवस मोजावे लागत, तो पातळ हात इथे पाऊण तासात देता येतो. सांभाळायचं ते एवढंच, की ओला बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारं द्रव्य, दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग किंचित गडद होतो. म्हणून पांढऱ्या शेवंतीची सावली पॅलेटवर हवी त्याहून थोडी उजळच मिसळावी, नाहीतर पाकळ्या मळकट दिसतात.