वर्दळ आणि गिऱ्हाईक: छोट्या ऑनलाइन दुकानातला रोजचा घोळ

इंदूरच्या सराफ्यात रात्री दहाला गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. भुट्ट्याचा कीस, मावाबाटी, थंडीत गराडू. गल्ली खच्चून भरलेली. त्याच गल्लीतली सोन्याचांदीची दुकानं तेव्हा बंद असतात, कारण खाण्याचे ठेले लागतातच मुळी ती बंद झाल्यावर. आता एखाद्या सराफाने ही रात्रीची माणसं मोजली, आणि “दारावरून रोज हजारो लोक जातात तरी अंगठी खपत नाही, दुकानाचं तोंडच बदलायला हवं” म्हणून फर्निचर तोडायला काढलं, तर घरचे त्याचा हात धरतील. ऑनलाइन दुकानात हेच रोज घडतं आणि हात धरायला कोणी नसतं. सर्चवाला, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम घेणारा, वाढलेली गर्दी अहवालात दाखवतो, डिझाइनवाला न झालेली विक्री दाखवून नवं डिझाइन सुचवतो, जाहिरातवाला दोन्ही बघून बजेट वाढवायला सांगतो. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. घोळ आहे तो वर्दळ आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी एकाच वहीत लिहिण्याचा.

गिऱ्हाईक म्हणजे काय हे दुकानदाराला सांगायला नको. वर्दळ म्हणजे साइटवर आलेला प्रत्येक जण, कशासाठीही आलेला. बारीकसारीक शब्द पटकन उरकते. इंप्रेशन म्हणजे शोधाच्या निकालात तुम्ही दिसलात. क्लिक म्हणजे तो आत आला. सेशन म्हणजे एक फेरी, त्यामुळे एकाच माणसाची सकाळ-संध्याकाळ दोन सेशनं होतात. जाहिरातीला पैसे दिल्याने शोधातली फुकटची जागा वर सरकत नाही. आणि कोणी तुमच्याकडून ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेले शोधशब्द, भरण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका; क्रम लावताना आपण ते बघत नाही हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

आता खरी गोष्ट.

आमच्या आत्याचं इंदूरच्याच रामबागेत घरगुती पिठांचं आणि मसाल्यांचं काम आहे. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. भाजणं तिचं, दळण गिरणीतलं, साइट माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सर्चचं काम एका एजन्सीला दिलं. त्यांनी ‘थालीपिठाची भाजणी कशी करावी’ असा लेख टाकला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळ्यांचं प्रमाण वाट्यांमध्ये दिलेलं. लेख चांगलाच होता. तो वर आला, आलेख चढला, ऑर्डरी होत्या तिथेच राहिल्या. मी तो अहवाल आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून लेखाचं नाव वाचलं आणि म्हणाली, “अगं, ज्याला भाजणी घरी करायची आहे तो माझी कशाला घेईल?”

सगळा फरक या एका वाक्यात आहे. शब्द तोच, भाजणी. शोधणारा मात्र वेगळा. ‘भाजणी कशी करायची’ विचारणाऱ्या बाईंकडे धान्य आहे, कढई आहे, वेळ आहे. त्यांना तुमची पिशवी नकोय, प्रमाण हवंय, आणि ते तुम्ही फुकट दिलंत. त्या समाधानाने परत गेल्या. ‘थालीपीठ भाजणी अर्धा किलो’ असं टाकणाऱ्याला करायची नाहीये, घ्यायचीच आहे. असे लोक थोडे असतात, पण ते पैसे काढून आलेले असतात.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटतं, आणि मग ते दुसऱ्या टोकाला जातात: “म्हणजे लेख बंदच करा, फक्त मालाची पानं ठेवा.” ही चूक पहिलीइतकीच महाग पडते. कारण तिसरा प्रश्न असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ‘थालीपीठ तव्यावर का तुटतं?’ ‘चकली तेलात का विरघळते?’ हा प्रश्नसुद्धा माहितीचाच आहे, त्यात ‘विकत’, ‘किंमत’ असा एकही शब्द नाही. पण विचारणाऱ्याच्या हातात पीठ आहे, किंवा होतं आणि फसलं. तो भाजणी वापरणारा माणूस आहे. त्याला सांगा की ज्वारी-बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कोमट पाण्यात मळून थोडा वेळ झाकून ठेवावं. चकलीत मोहन जास्त झालं तर ती तेलात विरते आणि कमी पडलं तर दगडासारखी कडक होते. हे वाचणारा उद्या पीठ संपल्यावर कुठून तरी आणणारच आहे. तुमच्याकडून आणण्याचं कारण तुम्ही त्याला नुकतंच दिलंय.

म्हणून रेघ ‘माहिती’ आणि ‘खरेदी’ यांच्यामध्ये ओढू नका. ती ‘माल घरी करणारा’ आणि ‘माल वापरणारा’ यांच्यामध्ये ओढा. साडीच्या दुकानाला हेच लागू आहे: ‘महेश्वरी साडी हातमागावर कशी विणतात’ विचारणारा शाळेच्या प्रकल्पावर असू शकतो, ‘महेश्वरी साडी घरी कशी धुवावी’ विचारणारीच्या कपाटात ती साडी आहे. मी हा फरक एवढा ताणून सांगते कारण सर्चच्या टूलमध्ये दोन्ही प्रश्न एकाच रंगाच्या खान्यात येतात, ‘माहितीपर’ म्हणून, आणि टूल वापरणारे तो रंग बघून निर्णय घेतात.

शोधामागचा हेतू ओळखायला टूल लागतही नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, प्रश्न गूगलवर टाका आणि पहिलं पान बघा. नुसते व्हिडिओ आणि पाककृती आल्या तर तिथे तुमच्या मालाचं पान शिरणार नाही, कितीही घासलंत तरी. किमती आणि दुकानं आली तर तिथे लेख पाठवू नका. आणि शब्द लोकांचे वापरा. नुसतं ‘भाजणी’ लिहून चालत नाही, आमच्याकडेच तीन प्रकारच्या आहेत. इंदुरात मराठी घरात गोडा मसाला म्हणतील, शेजारची हिंदी बोलणारी वहिनी ‘मराठी वाला मसाला’ मागेल. मालाच्या वर्णनात दोन्ही असू देत, सरळ वाक्यांत; एकाखाली एक वीस शब्दांची माळ लावायची पद्धत मला अजिबात आवडत नाही आणि तिचा फायदाही नाही.

आता वर्दळ आणि गिऱ्हाईक मिसळले की गणित कसं फसवतं ते बघा. समजा महिन्याला ४०० जण यायचे आणि १२ ऑर्डरी पडायच्या: शंभरात तीन. पाककृतीचा लेख चालला, २,४०० जण आले, ऑर्डरी १३. म्हणजे शंभरात अर्धा. दुकान बिघडलं का? मुळीच नाही, एक ऑर्डर वाढलीच. पण टक्का पाचपटीहून जास्त घसरलेला दिसतो, मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि कोणीतरी म्हणतं, “डिझाइन लोकांना थांबवत नाहीये.” आमच्याकडे अगदी हेच झालं. शंभरात तीन घेत होते ते पान ठणठणीत असताना आम्ही ते बदलायला दिलं.

नवं डिझाइन सुरेख होतं. मागे मोठं चित्र, त्यावर वळणदार अक्षरांत भाव आणि वजन. चित्रात! हा माझा जुना राग आहे. चित्रातली अक्षरं म्हणजे मजकूर नव्हे: गूगल त्यावर भरवसा ठेवत नाही, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ती नीट वाचून दाखवेलच असं नाही, आणि भाव बदलला की डिझाइनरला शोधत बसावं लागतं. भाव, वजन, घटक, किती दिवस टिकतं, पोस्टेज किती, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) चौदा आकडी क्रमांक, हे सगळं पानावर साध्या अक्षरांत हवं, फोन हातात घेतल्यावर फार न सरकवता दिसेल असं. सर्चवाल्यांचा उलटा हट्ट असतो: मालाच्या पानावर आधी हजार शब्दांचा निबंध, मग ‘खरेदी करा’चं बटण. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलंय की शब्दसंख्येची त्यांची काही आवड नाही. निबंध लिहायचाच असेल तर बटणाच्या खाली लिहा.

वेगाबद्दल थोडक्यात: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा निकष आहे. सरकती चित्रपट्टी काढलीत तर निम्मं काम होतं. प्रश्नोत्तरं लावून शोधाच्या निकालात जास्त जागा मिळवून देतो, असं अजून कोणी सांगत असेल तर ऐकू नका. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलने ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइट्सपुरती मर्यादित केली. प्रश्नोत्तरं गिऱ्हाइकासाठी जरूर लिहा.

पण आमचं खरं नुकसान रूपाने केलं नाही, पत्त्याने केलं. नव्या साइटवर प्रत्येक पानाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी कायमची वळवणी, जिला ३०१ म्हणतात, ती कोणी लावलीच नाही. दुकान हलवताना जुन्या दारावर पाटी न लावण्यासारखं हे आहे. पाककृतीचे वाचक गेले त्याचं मला काही वाटलं नाही. चकलीच्या पानावर येणारे गेले, ते लागलं. दिवाळी तोंडावर होती आणि आत्याने पीठ दळून ठेवलं होतं. तिने एका शब्दाने विचारलं नाही, पण वाड्यातल्या कोनाड्यात रचलेल्या त्या पिशव्या मला अजून दिसतात.

त्यानंतर मी हिशेब वेगळा ठेवते. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधातून कोणत्या पानावर किती जण आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेत, पानांचे तीन गट केलेत: मालाची पानं, वापराचे लेख, घरी करण्याचे लेख. टक्का काढायचा तो पहिल्या दोन गटांचाच. आणि दुकानाचं नाव टाकून आलेले लोक बाजूला काढायचे. ते आधीचेच गिऱ्हाईक असतात, आत्याच्या हातची चव त्यांना घेऊन येते. कोणत्याही अहवालात त्यांना सर्चचं यश म्हणून दाखवू देऊ नका. प्रश्नांच्या यादीतल्या क्लिकची बेरीज एकूण आकड्याशी जुळणार नाही, घाबरू नका. फार थोड्या लोकांनी विचारलेले प्रश्न गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही. वाढीबद्दल माझं मत ठाम आहे: मेतकुटाचा डबा संपतो, म्हणून दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक मी नव्या शंभर वाचकांपेक्षा वर धरते आणि वेळ त्याच्या पार्सलला देते.

डिझाइनला हात लावण्याआधी सर्च कन्सोलचे आकडे उतरवून घ्या. तिथे फक्त १६ महिने मागचं दिसतं. आणि सणाचा माल असेल तर यंदाचा ऑक्टोबर गेल्या ऑक्टोबरशी ताडू नका. २०२५ सालची दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती. २०२६ साली अधिक महिना असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. महिन्याला महिना लावलात तर त्या ऑक्टोबरात चकलीचं पान पडल्यासारखं दिसेल आणि कोणीतरी ते बदलायला निघेल. तुलना लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या चार आठवड्यांची करा, दोन्ही वर्षांच्या.