पकडलेला मासा परत पाण्यात सोडणार असाल तर हे वाचा

या पाकिटातल्या गळांना टोकामागचा उलटा काटा नाही. तुटलेला नाही, आम्ही ठेवलेलाच नाही. "मासा निसटतो हो," ही तक्रार नेहमीची. दोरी सैल पडली तर निसटतो, खरंय. ताण सोडू नका. आणि जो सोडायचाच आहे, तो दोन हात अलीकडे सुटला तर बिघडलं कुठे? घरातल्या जुन्या गळांचा काटा पक्कडीने दाबून सपाट केलात तरी चालेल.

मासा शेपूट हलवत गेला म्हणजे वाचलाच, असं नसतं. झुंजताना त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि नेमका तो दमलेला असतानाच आपण त्याला बाहेर काढतो. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यात सुट्या राहतात. हवेत त्या भिजल्या कागदांसारख्या एकमेकींना चिकटतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउट मासे पार दमवले. पाण्याबाहेर न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंदवाल्यांपैकी ७२ टक्के. सगळ्या जाती एवढ्या नाजूक नसतात, पण फोटोच्या नादात मिनिट कसं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. आधी कॅमेरा तयार, तोवर मासा जाळीत, पाण्यातच. मग उचला, टिपा, परत पाण्यात. दहा सेकंदांत उरकायला हवं.

दोरी फार बारीक घेऊ नका, झुंज उगाच लांबते. पाणी कोमट असेल तर जास्तच जपा: १० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. कडक उन्हाळ्यात दुपारी गळ टाकूच नये, असं आमचं मत. विक्री घटली तरी चालेल.

हात ओले करूनच मासा धरा. अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं कवच. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की ते निघून येतं. जाळी रबरी, बिनगाठीची हवी. कल्ल्यांत बोटं घालू नका. जबड्याला धरून लोंबकळवू नका, पोटाखाली हात द्या.

गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण नको. तोंडाजवळ दोरी कापा. आमचे गळ साध्या पोलादाचे आहेत, स्टेनलेस नाहीत. पेटीत गंजतात म्हणून नाक मुरडू नका, ते माशाच्या पोटातही गंजतात, म्हणजे कायमचे अडकून राहत नाहीत.

सोडताना माशाचं तोंड पाणी येतं त्या बाजूला करा. पुढे-मागे ढकलायची सवय अनेकांना आहे. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. नुसता आधार द्या. कल्ले एका लयीत हलू लागले आणि त्याने हाताला झटका दिला, की बोटं सैल करा.